गव्हाविना जपानी सॉस : खान्देशच्या शेगडीवर आणि दुकानात

अलीकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत आणि आखातातून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात एक बाटली दिसू लागली आहे. आत काळपट तपकिरी रंगाचा, मधासारखा सावकाश ओघळणारा रस्सा असतो. वर लिहिलेले असते ‘जपानी बार्बेक्यू सॉस’ आणि खाली लहान अक्षरांत ‘ग्लुटेन-फ्री’. आमच्या कापडबाजारात दुपारच्या चहाला हा विषय निघाला, तेव्हा एका मित्राने विचारले, “सेठ, सॉसमध्ये गहू असतो तरी कुठे, की गव्हाविना म्हणून जादा पैसे द्यायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते जळगाव-धुळ्याच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या, विशेषतः कबाबची गाडी, खानावळ, मसाल्याचे दुकान किंवा लग्नाच्या जेवणाचा ठेका असलेल्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जपानमध्ये निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला ‘याकीनिकू’ म्हणतात आणि ते ज्यात बुडवून खातात त्या रश्शाला ‘तारे’. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये स्थायिक झालेल्या कोरियन लोकांच्या खानावळींतून हा प्रकार तेथे रुळला. एबारा नावाच्या जपानी कंपनीने १९६८ मध्ये तो बाटलीत भरून विकायला काढला आणि १९७८ मध्ये फळांचा गर घातलेला दुसरा प्रकार आणला. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, किक्कोमान कंपनीने अमेरिकेत ‘तेरियाकी’ सॉस विकायला सुरुवात केली होती. अगदी अलीकडे, २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियातील बाचान्स या कंपनीने आजीच्या हातच्या पाककृतीवरून असाच सॉस बाजारात आणला. जपानी भाषेत आजीला ‘ओबाचान’ म्हणतात, त्यावरून हे नाव. त्याच कंपनीचा गव्हाविना प्रकारही आहे. म्हणजे घरातील चवीला बाटली आणि लेबल लावून जगभर विकण्याचीच ही गोष्ट आहे.

सॉसचे घटक ऐकले तर परके वाटणार नाहीत. सोया सॉस, साखर, आले, लसूण, कांदा, तीळ, तिळाचे तेल, सिरका, कधी टोमॅटो, कधी सफरचंद किंवा नासपती. यातील सोया सॉस सोडला तर बाकी सर्व जिन्नस आपल्या किराणा दुकानात आणि भाजीबाजारात रोज मिळतात.

गहू येतो कुठून?

गहू येतो तो सोया सॉसमधून. जपानी पद्धतीचा सोया सॉस, ज्याला तिकडे ‘शोयू’ म्हणतात, तो साधारण निम्मे सोयाबीन आणि निम्मा भाजलेला गहू घेऊन त्यावर एक प्रकारची बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून करतात. अनेकांना वाटते की सोया सॉस म्हणजे फक्त सोयाबीन, तसे नाही. जपानच्या मध्य भागात, आइची आणि मिए या प्रांतांकडे, ‘तामारी’ नावाचा जुना प्रकार होतो. त्यात जवळपास सर्व सोयाबीनच असते आणि गहू नसतो किंवा अगदी थोडा असतो. गव्हाविना जपानी सॉस बहुधा या तामारीपासून बनतो. पण ‘थोडा असतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तामारी असे नाव पाहून खरेदी करू नये, बाटली फिरवून घटकांची यादी वाचावी.

कोणी म्हणेल, महिनोन्‌महिने आंबवल्यावर गव्हातले ग्लुटेन उरतेच कुठे? यावर शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की आंबवण्यात त्याचे तुकडे होतात, पण ते तुकडेही रोग्याला त्रास देऊ शकतात, आणि नेहमीची प्रयोगशाळेतील चाचणी असे तुकडे नीट पकडू शकत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न खात्याने २०२० मध्ये नियम केला की आंबवलेल्या पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे असेल तर आंबवण्यापूर्वीचा कच्चा मालच ग्लुटेनविना असल्याचे दाखवावे लागेल. शेवटी तपासून भागत नाही, सुरुवातीपासून माल चोख पाहिजे, असा याचा अर्थ.

हे ग्लुटेन म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील प्रथिन. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो, रुमाली रोटी हवेत फिरवली तरी फाटत नाही, तो याचाच प्रताप. बहुतेक माणसांना त्याचा काही त्रास नाही. परंतु जगात साधारण शंभरात एका माणसाला ‘सिलियाक’ नावाचा आजार असतो. त्यात ग्लुटेन पोटात गेले की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तराला इजा करते. मूल वाढत नाही, जुलाब लागतात, अंगात रक्त राहत नाही. या आजाराचे मूळ गव्हात आहे हे विल्यम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने ओळखले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि इतर मुले भुकेने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव पुन्हा आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. या आजारावर गोळी नाही, गहू कायमचा बंद हाच इलाज.

आमच्या नात्यात धुळ्याकडे एक मुलगी आहे, तिला हा आजार आहे. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत कोणाला कळलेच नाही. ‘नजर लागली’, ‘जंत झाले’ असे म्हणत दिवस गेले. पुढे रक्ताची तपासणी झाली तेव्हा निदान झाले. आता घरी ज्वारी, बाजरी, तांदूळ यांवर ती ठणठणीत आहे. पण एका लग्नाच्या जेवणात बावर्चीने छातीवर हात ठेवून सांगितले, “बेटी, कबाब खा, यात गव्हाचा दाणा नाही, सगळा गोश्त आहे.” तिने दोन सीख खाल्ल्या आणि चार दिवस अंथरुणावर पडून राहिली. नंतर कळले की कीमा बांधायला पाव भिजवून घातला होता आणि वरून सोया सॉस फिरवला होता. बावर्ची खोटे बोलला नव्हता. पाव म्हणजे गहू हे त्याच्या ध्यानातच आले नाही. तेव्हापासून ती मुलगी लग्नाला जाते, पण घरून भाकरीचा डबा बांधून नेते आणि दस्तरखानवर सगळ्यांच्या रांगेत बसून आपला डबा उघडते. मेहमाननवाजीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाला हे दृश्य शोभत नाही.

येथे एक सूचना. कोणाच्या घरात असा संशय असेल तर स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये. गहू खाणे चालू असतानाच रक्ताची चाचणी करावी लागते. आधीच बंद केला तर चाचणीत काही दिसत नाही. आणि ज्यांना हा आजार नाही त्यांनी फॅशन म्हणून असल्या बाटल्यांमागे धावण्याचे कारण नाही. गहू नसला तरी सॉसमध्ये मीठ आणि साखर भरपूर असते. रक्तदाब आणि मधुमेहवाल्यांना तो गव्हासहित असो की गव्हाविना, दोन्ही सारखाच.

लपलेला गहू

कापडाच्या धंद्यात आम्ही शुद्ध सुती म्हणून आलेल्या ठाणाचा एक धागा ओढतो आणि काडी लावतो. सूत असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी बनतो. ग्राहकासमोर, एका काडीत निकाल. अन्नातील गव्हाची अशी काडीची परीक्षा नाही. डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. म्हणून तो कुठे लपतो हे आधीच माहीत असावे लागते.

आपल्या मसाल्यात पहिला चोर हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असतो. तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान येथून राळेच्या रूपात येतो आणि हाथरससारख्या ठिकाणी त्यात गोंद व पीठ मिसळून आपण वापरतो तो बांधानी हिंग बनतो. हे पीठ कोणी तांदळाचे घालतो, कोणी गव्हाचे. डब्यावर लिहिलेले असते, वाचत कोणी नाही. तांदळाच्या पिठाचा हिंग बाजारात मिळतो, तोच घ्यावा. दुसरा चोर माल्ट व्हिनेगर, ते बार्लीपासून होते. साधा पांढरा सिरका किंवा उसाचा, जांभळाचा सिरका चालतो. तिसरा म्हणजे कबाब बांधण्यासाठी घातलेला पाव, रवा किंवा मैदा. त्याऐवजी डाळ्याचे पीठ वापरावे, जे आपल्या शामी कबाबच्या जुन्या बावर्चींना ठाऊकच आहे. हलीम आणि खिचड्यात तर दलिया उघड असतो, तो निदान दिसतो तरी.

चौथा आणि सर्वांत मोठा चोर म्हणजे पिठाची गिरणी. खान्देशची ज्वारी, बाजरी आणि कळण्याची भाकरी ही मुळातच गव्हाविना. ज्वारी-उडदाच्या त्या कळण्याला तिकडच्या देशांत नेले तर लोक महाग पैसे देऊन घेतील! पण आपण तीच ज्वारी ज्या चक्कीवर दळतो तिच्यावर आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात. दगडात, पन्हाळीत, पिशवीच्या शिवणीत गव्हाचे पीठ राहते. डाळ्याचे पीठ आणि मसाल्याचे दळणही याच वाटेने बिघडते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ‘ग्लुटेन-फ्री’ची मर्यादा एका किलोत २० मिलिग्रॅम ग्लुटेन इतकी आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला तर एका किलो मालात पाव ग्रॅमही गव्हाचे पीठ चालत नाही. चिमटीत मावते त्याहून कमी. ज्यांना असा माल करायचा आहे त्यांनी घरगुती लहान चक्की वेगळी ठेवावी आणि तिच्यावर गहू कधीच चढवू नये. ‘आधी झाडून घेऊ’ या भरवशावर राहू नये.

हलालचा प्रश्न

जपानी सॉस घेताना आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पुष्कळ जपानी पाककृतींत ‘मिरिन’ आणि ‘साके’ घालतात. साके ही तांदळाची दारूच. मिरिन हा गोड स्वयंपाकी रस, पण अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिले म्हणजे हे नाही असे मुळीच नाही. दोन्ही तांदळाचे असल्याने ग्लुटेनवाल्यांना त्यांची हरकत नसते. तेव्हा बाटलीवर हे दोन शब्द शोधावेत आणि आढळले तर बाटली परत ठेवावी. नैसर्गिक रीतीने आंबवलेल्या सोया सॉसमध्ये आंबताना आपोआप थोडे अल्कोहोल तयार होते, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास. बाहेरून घातलेले आणि आपोआप झालेले यांत फरक आहे की नाही, हा मसला उलेमांचा, कापडवाल्याचा नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे किंवा हलाल प्रमाणपत्र असलेला सोया सॉस घ्यावा. असे सॉस मिळतात. आपल्याकडच्या ग्राहकाला गव्हाविना आणि मिरिनविना अशा दोन्ही अटी पाळलेली बाटली सहज मिळत नाही, ही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

केळीचा जिल्हा

आता आपल्या घराकडे येऊ. जपानी सॉसमध्ये सफरचंद-नासपती घालतात ते गोडवा, दाटपणा आणि मांस नरम करण्यासाठी. आपल्याकडे रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीच केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या केळीवर काळे ठिपके पडले ती व्यापारी बाजूला काढतो, पण सॉससाठी तीच सर्वांत गोड. केळीचा सॉस ही काही माझी कल्पना नाही. फिलिपाइन्समध्ये मारिया ओरोसा नावाच्या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी टोमॅटोऐवजी केळीचे केचप तयार केले. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या, पण त्यांचे केचप आजही त्या देशाच्या घराघरांत आहे.

आणि केळी-पपईवर प्रक्रिया करून परदेशी माल पाठवणे जळगावला नवीन नाही. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये बंद अवस्थेतील केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन बनवून निर्यात सुरू केली. पपेन म्हणजे मांस नरम करणारा तोच गुण, ज्यासाठी आपल्या घरातील बायका बोटीला कच्ची पपई चोळतात. पुढे त्याच समूहाने कांद्याचे निर्जलीकरण आणि फळांचा गर यांत मोठे नाव केले. सांगायचे इतकेच की कच्चा माल येथे आहे, प्रक्रियेची माहिती येथे आहे. लहान माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे त्याचा एक तुकडा उचलायला हरकत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जळगाव जिल्ह्यासाठी ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून केळीच निवडली गेली होती. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांचे अनुदान ठेवलेले होते. सध्या काय चालू आहे ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

करण्याची रीत

घरी करून पाहण्यासाठी प्रमाण असे. गहू नसलेला तामारी दोन वाट्या, पाणी एक वाटी, चिरलेला गूळ एक वाटी, पूर्ण पिकलेले एक मोठे केळे, एक टोमॅटो, एक लहान किसलेला कांदा, लसणाच्या दहा पाकळ्या, दोन बोटे आले, अर्धा चमचा काळी मिरी. सर्व वाटून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकळावे, खाली लागू देऊ नये. मग गाळणीतून दाबून गाळावे. पाव वाटी पांढरा सिरका आणि खमंग भाजून जाडसर कुटलेले दोन मोठे चमचे तीळ घालून पुन्हा एक उकळी काढावी. मीठ अजिबात घालू नये, तामारीत ते भरपूर असते. मिरिनची उणीव गूळ आणि सिरका मिळून भरून काढतात. काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन आठवडे वापरावा.

तामारी जळगावात दुकानोदुकानी मिळत नाही, मुंबईहून मागवावा लागतो आणि महाग पडतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी सोयाविना एक रीत आहे, आणि खरे सांगायचे तर मला हीच जास्त आवडते. दोन कांदे सालासकट निखाऱ्यात काळे होईपर्यंत भाजावेत, साल काढून लसूण-आल्यासह वाटावेत. त्यात चिंचेचा कोळ, गूळ, पिकलेले केळे, भाजलेल्या तिळाचे कूट, मीठ आणि थोडा सिरका घालून उकळावे. सोयाची खोल चव येत नाही, पण भाजलेल्या कांद्याचा धूर आणि तिळाचा खमंगपणा तिची जागा बऱ्यापैकी घेतो. मात्र याला ‘जपानी’ म्हणून विकू नये. वेगळा माल वेगळ्या नावानेच गेला पाहिजे. खान्देशी भाजणीचा सॉस म्हणा, कोणाला कमीपणा येणार नाही.

वापरताना मुख्य सूत्र एकच. यात साखर आहे आणि साखर निखाऱ्यावर झटकन जळते. आपले कारागीर मसाला लावून बोटी सरळ निखाऱ्यावर धरतात तसे येथे करू नये. गोश्त आधी मीठ, लसूण, मिरची लावून जवळजवळ पूर्ण भाजून घ्यावे आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत सॉसचा हात दोन-तीनदा फिरवावा. प्रत्येक वेळी उलटावे. वर चकाकी येते, कडा किंचित करपतात, तिथेच लज्जत आहे. आधी मुरवायचे असेल तर सॉसमध्ये तेवढेच पाणी घालून पातळ करावा; कोंबडी दोन तास, मटणाची चाप चार तास, मासळीला वीस मिनिटे पुरे. कच्ची पपई लावली असेल तर वेळ निम्मा करावा, नाहीतर गोश्त पिठूळ होतो. ज्या सॉसमध्ये कच्चे मांस मुरले तो नंतर चटणी म्हणून ताटात वाढू नये. वाढायचाच तर खळखळून उकळून घ्यावा.

हतनूर धरणाच्या रोहू-कटल्याचे जाड तुकडे तव्यावर थोड्या तेलात परतून शेवटी दोन चमचे सॉस टाकला तर मुलेही काटे निवडत बसतात. पनीर, मक्याची कणसे, रताळी यांनाही तो चालतो. उरलेल्या भातात अंडे, कोबी, कांद्याची पात परतून एक चमचा घातला तर गाडीवरच्या चायनीज भाताची गरज राहत नाही. त्या गाडीवरील सोया सॉस आणि नूडल्स दोन्हींत गहू असतो, म्हणून गहू वर्ज्य असलेल्या मुलांना तो भात कधीच खाता येत नाही.

आणि वांगी! जपानी लोक वांगे अख्खे निखाऱ्यावर भाजतात, साल काढतात आणि वर आले व सोया सॉस घालून खातात. त्याला ते ‘याकीनासू’ म्हणतात. हे वाचले तेव्हा मला हसूच आले. बामणोदचे हिरवे-पांढरे भरताचे वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजून ज्याने खाल्ले आहे त्याला जपान फार दूर नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले. भरीत घोटण्याआधी एक वांगे बाजूला काढून, उभे चिरून, त्यावर हा सॉस आणि कांद्याची पात घालून कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन पाहावे. भरताची जागा ते घेणार नाही, घेऊही नये. पण गोश्त न खाणारा पाहुणा आला तर ताट रिकामे वाटत नाही.

धंदा म्हणून पाहताना

आता हिशेबाचे. घरच्या फ्रिजमधला सॉस आणि दुकानात विकायचा सॉस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसूण, कांदा घातलेला माल बाटलीत बंद करून फ्रिजबाहेर ठेवला आणि आंबटपणा कमी पडला तर त्यात जीवघेणे जंतू वाढू शकतात. त्यासाठी मालाचा पीएच ४.६ च्या खाली, खरे तर बराच खाली, राहिला पाहिजे आणि बाटली गरम भरून सीलबंद झाली पाहिजे. हे अंदाजाने होत नाही, मोजावे लागते. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्याप्रमाणे लहान धंद्याला नोंदणी, मोठ्याला लायसन लागते. उलाढालीच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या जळगाव किंवा धुळे कार्यालयात चौकशी करावी. २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे गहू, सोयाबीन, शेंगदाणा, दूध, अंडी, मासळी अशा जिनसांचा उल्लेख लेबलवर वेगळा करावा लागतो. म्हणजे तामारीचा सॉस गव्हाविना असला तरी ‘यात सोया आहे’ हे लिहिलेच पाहिजे. परदेशी पाठवायचा असेल तर तीळही ध्यानात ठेवावा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे.

‘ग्लुटेन-फ्री’ हे दोन शब्द छापण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हातात असावा. पण सोया आंबवलेले असल्याने नुसत्या अहवालावर थांबू नये. तामारी देणाऱ्याकडून त्याचा कच्चा माल गव्हाविना असल्याचा कागदही घ्यावा. सोयाविना खान्देशी सॉसला ही अडचण नाही. तेथे चाचणी सरळ लागू पडते, आणि नवीन माणसाने सुरुवात तिच्यापासून करावी असे मला वाटते ते यासाठीच. हिंग, मिरपूड, तीळ प्रत्येक जिनसाचे बिल आणि पाकीट जपून ठेवावे. कापडात आम्ही लॉट नंबर ठेवतो, तसा प्रत्येक घाण्याला नंबर द्यावा. तक्रार आली तर कोणता घाणा, कोणता गूळ, हे पाच मिनिटांत सांगता आले पाहिजे.

किंमत काढताना नवे लोक कच्चा माल आणि गॅस मोजतात. बाटली, झाकण, लेबल, चाचणी, फुटतूट आणि परत आलेला माल विसरतात. लहान बाटलीत बाटलीचा खर्च आतल्या मालाला भारी पडतो. सर्व मिळून आकडा काढावा आणि मगच दुकानदाराचे कमिशन ठरवावे. ग्राहक कोण, हेही आधी ठरवावे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांची संख्या कोणत्याही एका गावात मोठी नसते. पण ते विश्वासाने पुन्हा पुन्हा तोच माल घेतात आणि एकमेकांना सांगतात. बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या दवाखान्यात एक नमुना व अहवालाची प्रत ठेवणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी. बाकी चवीसाठी घेणारे ग्राहक येतील ते वेगळे.

कबाबच्या गाडीवाल्यांनी बाटली घेतली म्हणून त्यांची गाडी गव्हाविना होत नाही. ज्या ब्रशने पावाच्या कबाबला सॉस लावला तोच ब्रश पुन्हा बाटलीत गेला की सगळी मेहनत वाया. त्यांनी एक ब्रश, एक वाटी आणि चार सळया वेगळ्या ठेवाव्यात, त्यांना रंगीत दोरा बांधावा, आणि कोणी विचारले तरच त्या काढाव्यात. ते कबाब शेगडीच्या एका कडेला आधी भाजावेत, नानच्या ढिगाजवळ ठेवू नयेत, वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या पानावर द्यावेत. इतके करणे ज्याला जमत नसेल त्याने ग्राहकाला सरळ “आमच्याकडे जमणार नाही” असे सांगावे.

बकरी ईदला घरोघर शेगड्या पेटतात. भाजण्याच्या मालाला वर्षात इतकी मागणी दुसऱ्या वेळी नसते. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी ईदच्या किमान दोन महिने आधी पहिला लहान घाणा काढावा, नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल येईपर्यंत त्याच घाण्याच्या पाच-सहा बाटल्या घरात बाजूला ठेवून त्या फुगतात का, रंग बदलतात का, हे पाहावे. अहवाल हाती आला आणि बाटल्या ठीक राहिल्या, तर तीस-चाळीस बाटल्या ओळखीच्या दोन दुकानांत ठेवाव्यात. लेबल छापायला त्यानंतरच टाकावे. आधी हजार लेबले छापून ठेवण्याची घाई करू नये.